रेफरन्स आहे, पण कशाचा? अण्णा हजारेंच्या सैन्यसेवेचं उदाहरण

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा मला विचारलं, "ताई, वाक्याला रेफरन्स दिला की झालं ना?" मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात मला माझं शाळेतलं भाषण आठवलं.

साल २०११, ऑगस्ट महिना. दिल्लीत रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांचं उपोषण चालू होतं आणि इकडे कळमनुरीत आमची वक्तृत्व स्पर्धा. मी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं होतं की १९६५ च्या युद्धात खेमकरणला पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला, अण्णांचे सगळे सहकारी शहीद झाले आणि ट्रक चालवणारे अण्णा तेवढे वाचले. पहिला नंबर आला. त्याच दिवसांत चहाच्या टपरीवर उलटं वाक्य ऐकू यायचं: "कशाचं काय, तो तर मिलिटरीतून पळून आलेला माणूस आहे." मला कुणी पुरावा मागितला नाही, आणि त्या टपरीवरच्या माणसालाही नाही.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, इतिहासाची नाही. तरी रिसर्चला बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मोठ्या माणसाच्या सैन्यसेवेचा दावा तपासून बघावा असं मला वाटतं. तारखा असतात, सरकारी नोंदी असतात, आणि निकाल काय लागावा हे ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. शिवाय माणूस जिवंत असेल तर आपली चूक त्याच्या अंगावर जाते.

आधी टपरीवरचं वाक्य घेऊ, कारण ते लवकर निकालात निघतं. माहितीच्या अधिकारात कुणीतरी सैन्यालाच विचारलं आणि उत्तर आलं: भरती १९६० साली, सेवेतून सन्मानाने मुक्तता १९७५ साली. पळून गेलेल्या सैनिकाला अशी मुक्तता मिळत नाही. आरोप संपला. (महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा यावा म्हणून अण्णांनी उपोषणं केली होती. त्याच हत्याराने त्यांचं नाव साफ केलं, हे मला आवडतं.)

आता माझी तक्रार. हे उत्तर आल्यावर पुष्कळ लेखांमधून असा सूर लागला की सैन्यानेच सांगितलं, म्हणजे अण्णांच्या लष्करी आयुष्याबद्दलचं सगळंच खरं. खेमकरणची गोष्टही त्याच कागदाच्या आधाराने सांगितली जाऊ लागली. पण उत्तर होतं सेवेबद्दल. भरती कधी, मुक्तता कशी, एवढंच. अमुक दिवशी अमुक ट्रकवर काय झालं हे त्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. विहिरीच्या पाण्याचा फ्लोराइडचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे पाण्यात जंतू नाहीत असं आपण म्हणतो का? रिपोर्ट खराच असतो, फक्त तो दुसऱ्या प्रश्नाचा असतो.

म्हणून दावा आधी फोडायचा. 'अण्णा सैन्यात होते' हा एक. 'ते १९६५ ला खेमकरण भागात होते' हा दुसरा. 'तिथे त्यांच्या गाडीवर हल्ला झाला' हा तिसरा. 'बाकी सगळे गेले, ते एकटे वाचले' हा चौथा. पहिल्याला सेवानोंद पुरते. दुसऱ्याला त्यांची तुकडी त्या महिन्यात कुठे होती ते लागेल. तिसऱ्याला तुकडीची युद्धडायरी. चौथ्याला त्या दिवसाची मृतांची आणि जखमींची यादी. चार दावे, चार वेगळे कागद, आणि आपण एका कागदावर चौघांना बसवतो.

कागद हातात नसतानाही एक गोष्ट करता येते, ती म्हणजे सनावळी ताडून बघणं. फुकटात होते. हिंगोलीचंच बघा. आपल्या शहराबद्दल इंटरनेटवर एक वाक्य जागोजागी चिकटवलेलं सापडतं, की इथे १८०३ मध्ये टिपू सुलतान आणि मराठे यांचं आणि १८५७ मध्ये निजाम आणि भोसले यांचं युद्ध झालं. टिपू १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणला मारला गेला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. म्हणजे दोन्ही युद्धांत एकेक बाजू जागेवरच नाही! हिंगोलीत निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती हे मात्र खरं. रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं आपण रोज घेतो. खऱ्या छावणीच्या आधाराने खोटी युद्धं खपून जातात, ती अशी.

हीच ताडणी अण्णांच्या चरित्रावर करू. बातम्यांमध्ये १९६० ची भरती, १९७५ ची मुक्तता आणि '१२ वर्षांची सेवा' हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापून आले. वजाबाकी केली तर १५ येतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर तरुणांना आवाहन झालं आणि अण्णा १९६३ ला भरती झाले, असंही अनेक ठिकाणी लिहिलेलं आहे. तिथून मोजलं तर बरोबर १२. मला वाटतं, दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे कुणीतरी एका वाक्यात शिवले. किंवा प्रत्यक्ष सेवा आणि राखीव सेवा वेगळी मोजली गेली असेल, तसंही चालतं. यातलं काहीही असलं तरी अण्णांवर ठपका येत नाही. ठपका येतो तो वजाबाकी न करता छापणाऱ्यांवर.

खेमकरणच्या प्रसंगाचं जरा जड आहे. तो कधी बॉम्ब म्हणून येतो, कधी विमानांचा हल्ला म्हणून, कधी सीमेवरचा गोळीबार म्हणून. एका बऱ्याच फिरलेल्या चरित्रात तारीखही आहे, १२ नोव्हेंबर १९६५, आणि त्या दिवशी पाकिस्तानने भारतीय तळांवर हवाई हल्ले केले असं म्हटलंय. आता युद्धाचं वेळापत्रक आठवा. खेमकरणजवळ असल उत्तरची रणगाड्यांची लढाई सप्टेंबरच्या ८ ते १० तारखेची, आणि युद्धबंदी २३ सप्टेंबरची. नोव्हेंबरमध्ये सीमेवर चकमकी होत होत्या, पण तळांवर विमानहल्ला ही वेगळी गोष्ट. म्हणजे एक तर तारीख चुकली, नाहीतर हल्ल्याचं वर्णन.

मग प्रसंग खोटा का? मी तसं म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. अनेक वर्षांनी तोंडी सांगितलेल्या आठवणीत तारीख घसरते, आणि लिहून घेणारा प्रत्येक जण रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. माझा अंदाज विचाराल तर मृत्यू जवळून गेल्याचा काहीतरी प्रसंग घडला असावा. त्यानंतर माणसाचं आयुष्य ज्या दिशेने वळलं त्यावरून तसं वाटतं. पण हा अंदाज आहे, आणि थिसिसमध्ये तो अंदाज म्हणूनच लिहावा लागतो.

उलट बाजूची चूकही तितकीच सोपी आहे: नोंद सापडली नाही, म्हणजे माणूस खोटा. अमेरिकेत सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला जुलै १९७३ मध्ये आग लागली आणि १ कोटी ६० लाखांच्या वर सैनिकांच्या फायली जळाल्या. ते सगळे सैनिक होतेच.

पदव्यांकडेही नीट बघा. सचिन तेंडुलकर भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन आहेत, २०१० पासून, पण ते मानद पद आहे. नाना पाटेकर यांनी 'प्रहार' या १९९१ च्या चित्रपटासाठी मराठा लाइट इन्फंट्रीसोबत प्रशिक्षण घेतलं आणि कारगिलच्या वेळी टेरिटोरियल आर्मीतून गेले. 'सैन्यात होते' या एका क्रियापदात आपण मानद पद, प्रशिक्षण, टेरिटोरियल आर्मी आणि पूर्णवेळ नोकरी सगळं कोंबतो. मेडलं जास्त काटेकोर बोलतात: समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धाचा, पश्चिमी आणि पूर्वी स्टार १९७१ चे. पण तीही माणूस कुठल्या युद्धात, कुठल्या भागात होता एवढंच सांगतात.

माझ्या भाषणातलं वाक्य आज लिहायचं तर असं होईल: "हजारे १९६० ते १९७५ या काळात सैन्यात होते, असं सैन्याच्या उत्तरावरून दिसतं; १९६५ मध्ये खेमकरण भागात आपल्या वाहनावर हल्ला होऊन सहकारी मारले गेले असं त्यांचं कथन आहे, मात्र प्रकाशित वृत्तान्तांमध्ये हल्ल्याचं स्वरूप एकसारखं नाही." या वाक्याला टाळ्या पडत नाहीत, मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणाला हे पुढे न्यायचं असेल तर अर्ज दहा रुपयांत होतो. मात्र प्रश्न नीट ठरवा. माणसाची सेवानोंद मागाल तर कलम ८(१)(j) आडवं येईल. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याची अशी माहिती वैयक्तिक धरली, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी आवळलं. त्याऐवजी घटना मागा. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही ठरावीक अपवाद सोडले तर द्यावी लागते, आणि त्या अपवादांत वैयक्तिक माहितीचं कलम नाही. सुरक्षेचं आहे, त्यामुळे नकार येऊ शकतो. मग अपील करा. तुकडीचं नाव, भाग आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९६५ एवढा काळ लिहा, युद्धडायरीची त्या दिवसांची पानं मागा. अण्णांचं नाव अर्जात घालायची गरजही पडणार नाही.