क्रम कोणाच्या नजरेतून?

संगणकाचा धडा शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास सांगतो : 'संगणक दिलेल्या आज्ञा एकामागून एक, क्रमाने पाळतो.' या वाक्याची चांगलीच परीक्षा पाहणारा एक दस्तऐवज आम्ही नुकताच पुन्हा वाचला. लिनक्सच्या कर्नलसोबत मिळणारा 'मेमरी बॅरियर्स' हा तो दस्तऐवज. डेव्हिड हॉवेल्स आणि पॉल मॅकेनी हे त्याचे प्रमुख लेखक असून २००६ पासून तो कर्नलबरोबर आहे.

प्रश्न साधा आहे. एक प्रोसेसर आधी 'माहिती' या जागी ४२ लिहितो, मग 'खूण' या जागी १ लिहितो. दुसरा प्रोसेसर खुणेवर नजर ठेवून आहे. तेथे १ दिसताच तो माहिती वाचतो. त्याला ४२ मिळेल ना? दोघांनी कुलूप लावून पाळीपाळीने काम केले तर नक्की मिळेल, कारण कुलूप लावण्याच्या आणि काढण्याच्या क्रियेतच क्रमाचा बंदोबस्त असतो. पण कुलपापाशी थांबण्यात वेळ जातो, म्हणून कर्नलमध्ये अनेक ठिकाणी कुलपावाचून काम चालते. तेथे कंपायलरने आज्ञांचा क्रम बदलला नाही असे धरले, तरी उत्तर प्रोसेसरच्या जातीवर अवलंबून राहते. एक्स८६ वर ४२ मिळते. आर्म आणि पॉवर या प्रोसेसरांवर जुने मूल्य मिळू शकते.

एक्स८६ तरी पूर्ण सरळ आहे का? नाही. दोन प्रोसेसरांनी प्रत्येकी आपल्या जागी १ लिहून लगेच दुसऱ्याची जागा वाचली, तर दोघांनाही शून्य दिसू शकते. लिहिलेले मूल्य आधी प्रोसेसरच्या स्वतःच्या छोट्या रांगेत थांबते आणि नंतरचे वाचन त्याच्या पुढे निघून जाते. ही रांग रिकामी होईपर्यंत पुढचे वाचन अडवून धरणारी आज्ञा म्हणजे एक प्रकारचा अडसर, बॅरियर.

दस्तऐवजाचा मोठा गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. हे अधिकृत प्रमाणपत्र नव्हे, यात उणिवा आहेत, असे तो सुरुवातीलाच सांगतो. दुसरा गुण म्हणजे अडसर जोडीने लावावे लागतात, यावर त्याने दिलेला भर. लिहिणाऱ्याने क्रम पाळला, पण वाचणाऱ्याने पाळला नाही, तर उपयोग शून्य. अल्फा प्रोसेसरवर तर नवा पत्ता वाचून त्या पत्त्यावर गेले, तरी तेथे जुना मजकूर दिसू शकत असे. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा अडसर ठेवावा लागला. २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून ती जबाबदारी वाचनाच्या मूळ क्रियेतच सामावली गेली आणि २०२० च्या ५.९ आवृत्तीत तो वेगळा अडसर काढून टाकण्यात आला.

आमची तक्रार मांडणीविषयी आहे. अडसरांचे प्रकार आणि नियम आधी येतात. कॅशमुळे हे सारे का घडते, ते जवळजवळ शेवटी. गरज कळण्याआधी नियम पाठ करायला लावण्याची ही चूक आपण वर्गातही करतोच. दुसरी उणीव गद्याची आहे. 'या कार्यक्रमात हे उत्तर येऊ शकते का?' या प्रश्नाला वर्णनातून नेमके उत्तर मिळत नाही. ती उणीव २०१८ मध्ये भरून निघू लागली. जेड अल्ग्लाव्ह, ल्यूक मारांजे, मॅकेनी, आंद्रेआ पारी आणि ॲलन स्टर्न यांनी कर्नलसाठी गणिती प्रतिमान मांडले. त्यावर छोटा कार्यक्रम तपासून कोणती उत्तरे शक्य आहेत, हे संगणकालाच विचारता येते.

याचा शिक्षकांशी संबंध काय? 'माझ्या संगणकावर चालले, म्हणजे बरोबर आहे' हा समज विद्यार्थ्यांत फार खोल असतो. एक्स८६ च्या टेबलावरील संगणकावर हजार वेळा बरोबर चाललेला कार्यक्रम आर्मच्या मोबाइलवर एखाद्या वेळी चुकू शकतो. तेव्हा चाचणी जरूर करावी, पण तिला सिद्धता समजू नये.

मग ते जुने वाक्य टाकून द्यावे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्याला एक जोड मात्र द्यावी : प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे काम क्रमानेच झालेले दिसते, शेजाऱ्यालाही ते त्याच क्रमाने दिसेल, याची हमी मागून घ्यावी लागते.