पान कोणाचं, कात्री कोणाची?

मोठ्या मासिकाकडं लिखाण पाठवायचं की आपणच आपली चार पानं काढायची, यावरून आपल्या पोरांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, त्यांनी छापल्याबिगर कोणी लेखक होत नाही. दुसरा म्हणतो, त्यांच्या दारात उभं राहणं हीच गुलामी. दोघंही बाबासाहेबांचं नाव घेतात. बाबासाहेबांनी काय केलं ते मात्र कोणी बघत नाही.

१९१७ साली त्यांचा जातीवरचा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. ते काही आपलं पत्र नव्हतं. पण विद्वानांपुढं मुद्दा ठेवायचा तर त्यांच्या पानावर जावं लागतं. तिथं आपल्याला न ओळखणारा, आपल्यावर खार खाणारासुद्धा वाचतो. कागद, छपाई, टपाल सगळं त्यांचं. हा फायदा खरा आहे, नाकारून चालणार नाही.

पण पान त्यांचं तशी कात्रीही त्यांचीच. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. ‘केसरी’नं पैसे देऊनही त्याची जाहिरात घेतली नाही. लेख सोडा, जाहिरात! हे झाले उघड विरोधक. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषण आधी वाचलं आणि काही मजकूर गाळा म्हणाले. हे तर जात तोडायला निघालेले सुधारक! बाबासाहेबांनी गाळायला साफ नकार दिला. परिषद झालीच नाही. मग त्यांनी पदरच्या पैशानं पंधराशे प्रती काढल्या. आज त्या मंडळाचं नाव लोकांना ठाऊक आहे ते याच पुस्तकामुळं.

आता दुसऱ्या तटाला विचारतो. आपलं पत्र काढलं म्हणजे झालं काय? शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, तरी ‘मूकनायक’ १९२३ पर्यंत बंद पडला. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघालं. त्याचे चोवीस-चोवीस रकाने संपादकालाच एकट्यानं भरावे लागत. १९२९ साली तेही थांबलं. जयजयकार सगळे करायचे, वर्गणी द्यायला हात आखडायचा. आपलंही तेच चाललंय. अंक फुकट पायजे, वर क्रांती पायजे.

आणि दुसरा रोग त्याहून वाईट. आपल्या पानांवर संपादक दोस्त, कवी दोस्त, समीक्षकही दोस्त. नको म्हणणारा कोणी नाही. म्हणून दर अंकात तोच सूर्य, तीच मशाल, तोच ज्वालामुखी. साच्यावर धागा तुटला तर साचा थांबवून जोडावा लागतो, नाहीतर कापडात खोट राहते. आपल्या कवितेत धागे तुटलेत आणि साचा तसाच चाललाय.

यावर उपाय त्याच पुस्तकात आहे. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका जशीच्या तशी छापली आणि खाली आपलं उत्तर दिलं. स्वतःचं पान, स्वतःचा पैसा, तरी विरोधकाला जागा! ज्याचा मुद्दा पक्का असतो तोच हे करू शकतो.

तेव्हा दोस्तहो, त्यांच्या मासिकाला जरूर लिहा, पण कात्री मजकुरावर आली की लिखाण उचलून परत आणा. आपलं पत्र काढा, पण त्याची वर्गणी भरा. आणि दोस्ताची कविता कच्ची असेल तर त्याच्या तोंडावर सांगा. या लेखालाही कोणी झोडपलं तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू. जयभीम.