पडद्यावरील दोन नट

रंगभूमीवरचा नट चित्रपटांत किंवा मालिकेंत गेला कीं, तो द्रव्यासाठीं कलेस मुकला असें म्हणण्याचा आपल्या सुशिक्षित घरांतून प्रघातच आहे. शाहूवाडीस आमच्या मंडळींत परवां हाच वाद निघाला. नाटक पाहावयाचें तर येथून कोल्हापूर गांठावें लागतें. पडदा मात्र घरांत येऊन बसला आहे. तेव्हां जुन्या नटांची परीक्षाहि आम्हीं पडद्यावरूनच करावी, हें ओघानेंच आलें. ही परीक्षा न्याय्य आहे काय?

कोल्हापुरास हा प्रश्न नवा नाहीं. ‘प्रभात’ कंपनी १९२९ सालीं तेथेंच निघाली, आणि तिच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत हरिश्चंद्र झाले ते ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे. बोलणें आणि गाणें रंगभूमीच्या माणसालाच येत होतें, म्हणून बोलपटानें त्याला मानानें बोलावलें. बोलावल्यावर त्याचें करावयाचें काय, हें मात्र दर वेळीं उमगलें असें नाहीं.

बालगंधर्वांचेंच पाहा. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटांत ते एकनाथ महाराज झाले. रुक्मिणी, सिंधू, भामिनी यांच्या भूमिकांनीं ज्यांनीं महाराष्ट्रास वेड लाविलें, त्यांना पुरुषवेषांत पाहून प्रेक्षकांचा विरस झाला, असें सामान्यतः सांगतात. मला हें कारण अपुरें वाटतें. दोनच वर्षांनीं ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हां स्त्रीवेषानें कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, यश तरीहि आलें नाहीं. हरवला होता तो शालू नव्हे, समोरचा प्रेक्षक. वन्समोअर मिळावा, तेंच पद नव्या अंगानें फिरून यावें, आणि त्या येरझाऱ्यांत गाणाऱ्याला व ऐकणाऱ्यांना वेळेचें भान उरूं नये, अशी ती कला होती. कॅमेरा वन्समोअर देत नाहीं. तो एकदां पाहतो, आणि पाहिलेलें कायमचें धरून ठेवतो.

उलट केशवराव दाते. ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’च्या गद्य नाटकांत ते वाढले, पुढें १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत त्यांनीं काम केलें. तेथें नटानें प्रेक्षकांशीं नव्हे, समोरच्या पात्राशीं बोलावयाचें होतें. म्हणजे पडद्यास हवा तो संयम त्यांनीं रंगभूमीवरच कमावला होता. मराठी ‘अमृतमंथना’तला (१९३४) त्यांचा राजगुरु भारदस्त आहे, पण खरें पाहावें तें ‘कुंकू’ (१९३७). या चित्रपटांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. नटाला सुरांचा आधार नाहीं, टाळ्यांचा नाहीं. भिंतीवरचें जुनें घड्याळ तेवढें सोबतीला. त्या शांततेंत दात्यांचे काकासाहेब घरांत वावरतात. तरुण नीरेशीं फसवून लग्न लाविलेला हा म्हातारा आपल्याला किळसवाणा वाटावयास हवा, आणि वाटतोहि. परंतु त्याला स्वतःचें वय कळूं लागतें तसतसें आपलें हंसूं आवरत जातें. हा पालट घडविण्यासाठीं दात्यांना भाषण लागत नाहीं. खांदे थोडे उतरतात, नजर कोठें तरी चुकते, एवढेंच. मधूनच एखाद्या वाक्याचें शेपूट ते पिटांतल्या शेवटच्या रांगेकडे फेंकतात, हा जुन्या संवयीचा दोष खरा. मला तो प्रियच वाटतो.

तेव्हां दाते मोठे आणि बालगंधर्व लहान, असें ठरवावयाचें काय? आमच्यांतल्या एका तरुणानें नेमकें हेंच विचारलें : ‘बालगंधर्व थोर नट होते, हें आम्हीं कशावरून मानावें?’ ‘धर्मात्मा’वरून मानतां येणार नाहीं, हें मला कबूल करावें लागलें. ज्यांनीं त्यांना रंगभूमीवर पाहिलें त्यांनीं लिहून ठेवलेलीं पानें माझ्या कपाटांत आहेत. तीं मीं त्याला वाचावयास दिलीं आहेत. त्यानें अद्याप परत केलेलीं नाहींत.