एनबी: नोंदी राहतात, पण सापडतात का?

कर्जत-खालापुरात फिल्डवर्कला निघालात तर टर्मिनलवर चालणारं एनबी बसवून बघा. मुक्त स्रोत आहे, नोंदी साध्या मजकुराच्या फायलीत राहतात आणि प्रत्येक बदल गिटमध्ये आपोआप जपला जातो. डोंगरात रेंज गेली तरी अडत नाही.

शोध मात्र मराठीला कच्चा. 'कातकरी' शोधलंत तर 'कातकऱ्यांनी' हाती लागत नाही, 'कातक' टाका. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती वाडी कुणी इर्शाळवाडी लिहितं, कुणी इरशाळवाडी. एनबीला ती दोन गावं! शिवाय 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाईप होतो, दिसतो सारखाच. म्हणजे काही मुलाखती शोधात येणारच नाहीत, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मग गाईडसमोर 'असं कुणीच म्हणालं नाही' हे कशाच्या जोरावर सांगणार? वाड्यांची नावं कशी लिहायची, ते पहिल्याच नोंदीत ठरवून टाका.