‘आद्य’ या विशेषणाचा प्रश्न : चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयीचे मतभेद

१

मराठीतील आद्य कादंबरी कोणती, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. कालानुक्रम पाहिला तर १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’कडे बोट दाखवावे लागते. उलट पुढील कादंबरीकारांनी जी वाट चोखाळली ती हरिभाऊ आपट्यांनी घालून दिली, असे म्हणणाराही चुकतो असे नाही. याचे कारण उघड आहे. ‘आद्य’ या एकाच शब्दात दोन निराळे अर्थ नांदतात : काळाने पहिला असणे हा एक, आणि परंपरेचा प्रवर्तक असणे हा दुसरा. पहिला अर्थ तारखेने सिद्ध होतो. दुसऱ्यासाठी वंशावळ दाखवावी लागते. हे दोन अर्थ वेगळे न ठेवल्यास वाद मिटत नाही आणि कलाकृतीही दृष्टिआड होते.

विद्युद्वाद्यांच्या संगीतात असाच एक वाद मुंबईचे ज्येष्ठ वादक चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून गेली काही वर्षे चालत आला आहे. सिंग जुलै २०१५ मध्ये निधन पावले. परंतु त्यांच्या चाहत्यांतील मतभेद त्यांच्याबरोबर संपलेले नाहीत. त्या मतभेदांची छाननी केली असता वादाचे मूळ संगीताइतकेच शब्दांच्या वापरातही आहे असे आढळून येते.

२

प्रथम वस्तुस्थिती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत काम करणारे वादक होते. गिटार, बास गिटार आणि पुढे सिंथेसायझर अशी अनेक वाद्ये ते हाताळीत. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी वादन केले. चित्रपटगीतांच्या चाली केवळ वाद्यांवर वाजविलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. लग्नसमारंभांतून आणि मेजवान्यांतून त्यांचा वाद्यवृंद कार्यक्रम करी. थोडक्यात, ते व्यवसायाने कलावंत होते. प्रयोगशाळेत बसून नवे संगीत शोधणारे संशोधक नव्हते.

१९८० च्या सुमारास रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये बाजारात आली. ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र, ‘टीबी-३०३’ हे खर्जाच्या स्वरावली आपोआप वाजविणारे यंत्र, आणि ‘ज्युपिटर-८’ हा एका वेळी आठ स्वर देणारा सिंथेसायझर. ही तिन्ही वाद्ये सिंग यांनी मिळविली. त्या वेळी हिंदी चित्रपटांत डिस्कोचा ठेका सर्वत्र ऐकू येत होता. तोच ठेका घ्यावा, तबला बाजूला ठेवावा आणि वर राग वाजवावेत, अशी साधी कल्पना त्यांना सुचली. तिचे फळ म्हणजे १९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत; प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे मिळाली आहेत. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली, आणि २०१० साली त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली.

पाच वर्षांनंतर, म्हणजे १९८७ साली, शिकागो येथील ‘फ्यूचर’ या तरुण वादकगटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली होती. त्याच ‘टीबी-३०३’ यंत्राच्या ओल्या, पिळवटलेल्या आवाजावर ती उभी होती, आणि तिच्यापासून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाच्या नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. त्या प्रकाराला सरावलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनी २०१० साली सिंग यांची तबकडी ऐकली, तेव्हा त्यांना आपल्याच संगीताचा पूर्वज भेटल्यासारखे वाटले. वादाला प्रारंभ येथे झाला.

३

या वादात स्थूलमानाने चार पक्ष दिसतात. पहिला पक्ष प्रवर्तकवाद्यांचा. त्यांच्या मते अ‍ॅसिड हाउसचा जन्म शिकागोत झाला नाही, तो मुंबईत झाला. सिंग हे त्याचे जनक होत. दुसरा पक्ष संशयवाद्यांचा. ही तबकडी इतकी आधुनिक वाटते की ती १९८२ ची असणे शक्य नाही, कोणा चतुर युरोपीय वादकाने जुन्या वेष्टनात नवा माल भरला असावा, असा तर्क त्यांनी लढविला. खुद्द सिंग पुढे युरोपातील रंगमंचांवर येऊन वाजवू लागल्यावर या तर्काला आधार उरला नाही. परंतु तो निघावा हेच बोलके आहे. मुंबईतील एक व्यावसायिक वादक असे काही करू शकेल, हे अनेकांना प्रथम असंभवच वाटले.

तिसरा पक्ष रागसंगीताच्या रसिकांचा. त्यांना या तबकडीत राग नाही, फक्त रागाचे स्वर आहेत, असे वाटते. चौथा पक्ष चित्रपटसंगीताच्या जाणकारांचा. त्यांची तक्रार निराळी आहे : ज्या वादकाने अनेक वर्षे वाद्यवृंदात आपला हात दिला, त्याचे सारे कर्तृत्व एका अपवादात्मक तबकडीवर मोजणे अन्यायाचे आहे.

४

प्रवर्तकवाद्यांचे म्हणणे तपासण्यास तौलनिक भाषाशास्त्राची पद्धती उपयोगी पडते. दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द तीन कारणांनी सारखे असू शकतात : ते एकाच मूळ भाषेतून उतरले असतील, एका भाषेने दुसरीकडून घेतले असतील, किंवा ते साम्य निव्वळ योगायोगाचे असेल. वसईजवळील पापडी गावाचे उदाहरण घेता येईल. या गावात ‘चावी’, ‘पगार’, ‘बटाटा’ हे शब्द रोज उच्चारले जातात. ते पोर्तुगीज भाषेतून आले असे म्हणण्यास केवळ ध्वनिसाम्य पुरेसे झाले नसते. १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगिजांची सत्ता होती आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचा दीर्घ काळ वावर होता, हा इतिहास त्या साम्याच्या पाठीशी उभा आहे. याउलट, ‘पापडी’ हे ग्रामनाम आणि ‘पापडी’ हा खाण्याचा पदार्थ यांत अक्षराचाही फरक नाही. तरी एवढ्यावरून गावाला पदार्थाचे नाव पडले असे जो ठरवील त्याची गणना लोकव्युत्पत्ती करणाऱ्यांत होईल. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. उच्चार जवळचा, अर्थ एकच, आणि नाते मात्र काहीही नाही.

हा निकष लावला म्हणजे सिंग यांची तबकडी आणि शिकागोचे संगीत यांतील साम्य कोणत्या जातीचे आहे ते स्पष्ट होते. मुंबईत न खपलेली ती तबकडी शिकागोच्या तरुणांपर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. म्हणून येथे वंशसंबंध नाही आणि उसनवारीही नाही. परंतु हे साम्य ‘बद’ आणि ‘बॅड’ यांच्यासारखे निव्वळ योगायोगाचेही नाही. दोन्ही ठिकाणी यंत्र एक होते. ‘टीबी-३०३’ मध्ये सोळा घरांची स्वरावली भरता येते, ती न थकता फिरत राहते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची व आघात देण्याची सोय तिच्यात आहे. बास गिटारची जागा घेण्यासाठी ते निघाले. तसे ते घेऊ शकले नाही, म्हणून त्याचे उत्पादन थोड्याच वर्षांत बंद पडले आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या वादकांनी स्वरावली तशीच ठेवून तिचा नाद गुंड्या फिरवून बदलत नेला. नादाचा हा बदल हाच त्यांच्या संगीताचा विषय झाला. सिंग यांनी त्याच यंत्रात रागाचे स्वर भरले. घसरणीच्या सोयीत त्यांना मींडेची छाया दिसली असावी, आणि न थांबणाऱ्या स्वरावलीत तंबोऱ्याच्या अखंडतेची. साधन एक, हेतू दोन. एकाच मुखयंत्राने माणसे परस्परांपासून स्वतंत्रपणे सारखे ध्वनी निर्माण करतात, म्हणून त्यांच्या भाषा एक होत नाहीत.

तेव्हा सिंग काळाने पहिले आहेत हे मान्य करावे, आणि प्रवर्तक नाहीत हेही त्याच स्पष्टपणे म्हणावे. यात त्यांचा अधिक्षेप नाही. उलट ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ या पदवीतच एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. त्या पदवीने त्यांची कृती दुसऱ्याच्या इतिहासातील पहिले पान ठरते. पुढे शिकागोत काही घडले नसते तर तिला मोल नव्हते, असा तिचा अर्थ होतो.

५

आता रागसंगीताच्या रसिकांचा आक्षेप. हार्मोनियमविषयी महाराष्ट्रात जो वाद झाला त्याचीच ही पुढची आवृत्ती आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींचे गणित मांडून श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला, तो पेटीचे ठरीव स्वर रागाला पुरत नाहीत म्हणूनच. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. ते १९७१ मध्ये काही अंशी उघडले. तोपर्यंत महाराष्ट्रातील मैफलीत पेटी स्थिरावून गेली होती. तेव्हा वाद्य परके किंवा यांत्रिक आहे, एवढाच आक्षेप टिकणारा नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आज बहुतेक गायकांच्या घरी आढळतो. आधारस्वरासाठी विद्युद्यंत्र चालते आणि रागासाठी चालत नाही, असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण दिले पाहिजे.

ते कारण देता येते. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. भूपाळी आणि देसकार यांचे स्वर एकच आहेत. त्यांना वेगळे करते ते चलन, कोणत्या स्वरावर थांबावे आणि कोणत्यास केवळ स्पर्श करावा याचा विवेक. तोडीतील गंधार पट्टीवरील कोमल गंधाराहून उतरलेला आणि आंदोलित असतो. सोळा घरांत फिरणारे यंत्र स्वरांची यादी देऊ शकते, चलन देऊ शकत नाही. म्हणून या तबकडीत दोन थर वेगळे करून ऐकावे लागतात : खाली यंत्राने फिरविलेली यादी, आणि वर हाताने ‘ज्युपिटर’वर वाजविलेली चाल. राग जेथे दिसतो तेथे तो वरच्या थरात, स्वर ओढण्याच्या आणि घसरत नेण्याच्या हातात दिसतो. ललितात दोन मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम नसतो. मालकंसात ऋषभ-पंचम दोन्ही वर्ज्य. असे ठळक ठेवणीचे राग या मांडणीतही आपली ओळख टिकवतात. ज्यांची ओळख सूक्ष्म श्रुतीवर किंवा संथ विस्तारावर अवलंबून आहे त्यांची मात्र हानी होते. तोडी हे त्याचे उदाहरण.

वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची स्थाने दाखविली. त्या मोजपट्टीवर ही तबकडी लयीच्या अगदी टोकाला बसते. तिचा खरा दोषही येथेच आहे. यंत्राची गती आणि ठेक्याची घडण दहाही रागांत जवळजवळ एकच राहते. पहाटेचा भैरव, पावसाळी मेघमल्हार आणि उत्तररात्रीचा मालकंस एकाच चालीने चालतात. रागाचा काळाशी असलेला संबंध श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला ठेवला, तरी प्रत्येक रागाला स्वतःची गती असते, एवढे तरी मान्य करावे लागते. भैरवाच्या आरंभी यंत्रातून येणारा ‘ॐ नमः शिवाय’चा उच्चार वातावरण सुचवितो, निर्माण करीत नाही. दहाऐवजी चार राग घेऊन त्यांना चार लयी दिल्या असत्या तर हा प्रयोग अधिक समर्थ झाला असता.

गुणाची बाजूही तितकीच निश्चित आहे. त्या काळच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर बहुधा सजावटीसाठी येई. क्षणभर चमकून गाण्याला वाट देई. सिंग यांनी तो मध्यभागी आणला आणि त्याला पाच-पाच मिनिटे एकाच स्वरविश्वात राहण्यास लावले. सुरावटीखाली त्यांनी बदलत्या पाश्चात्त्य स्वरसंघांची रांग उभी केली नाही. एक षड्ज आणि त्याभोवतीची फिरती स्वरावली एवढ्यावर भागविले. डिस्कोचा ठेका घेऊनही डिस्कोची स्वररचना त्यांनी नाकारली. हा निर्णय रागाच्या संस्कारातून आलेला आहे, आणि तबकडीला जे वैशिष्ट्य लाभले ते त्यामुळेच. पाश्चात्त्य श्रोत्याला जे भविष्यसूचक वाटले ते वस्तुतः तंबोऱ्यापाशी बसलेल्या कानाची सवय होती.

६

राहिली चौथ्या पक्षाची तक्रार. तीत तथ्य अधिक आहे. चित्रपटसंगीतातील वादकांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर क्वचितच छापली गेली. संगीतकाराच्या नावाखाली त्यांचे कर्तृत्व विरून गेले. सिंग यांना उतारवयात मिळालेली कीर्ती त्यांच्या बरोबरीच्या इतर वादकांना मिळाली नाही, आणि सिंग यांनाही ती एका परकीय शब्दाच्या आधाराने मिळाली. पापडीतल्या एखाद्या लग्नात वाजणाऱ्या की-बोर्डपासून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातील सिंथेसायझरपर्यंत विद्युद्वाद्यांचा जो वापर या प्रदेशात झाला, त्याचे वर्णन करण्यास मराठीत अद्याप पुरेशी परिभाषा नाही. परिभाषा नसली की दुसऱ्याच्या संज्ञा उसन्या घ्याव्या लागतात, आणि उसन्या संज्ञेबरोबर उसना इतिहासही येतो. संगीत, भाषाशास्त्र आणि वाङ्मय या विभागांतील संशोधकांनी या वादकांकडे लक्ष द्यावे असे हे एक कारण आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आज हयात नाहीत, आणि ज्यांच्या आठवणी नोंदविता येतील त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे.

सारांश, चरणजित सिंग यांच्या तबकडीला ‘आद्य’ म्हणावयाचे असेल तर ते तारखेच्या अर्थाने म्हणावे, आणि तेथेच थांबावे. तिचे मोल ठरविताना मात्र शिकागोला विसरून, एका व्यावसायिक वादकाने दहा राग तीन यंत्रांच्या स्वाधीन केले तेव्हा त्यांतले काय टिकले आणि काय निसटले, हेच विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रागागणिक वेगळे येते.