‘शिकार’, ‘मासेमारी’ आणि ‘अभयारण्य’ : वन्यजीवविषयक विधिभाषेची समीक्षा

मराठीतील विधिभाषेचा विचार बहुधा परिभाषेच्या अंगाने केला जातो. शब्द संस्कृत असावा की फारसी, सुगम असावा की काटेकोर, यावरच चर्चेचा भर राहतो. ज्याच्या आचरणास तो शब्द बंधन घालणार, त्याच्या नित्याच्या बोलीत त्याच घटनेसाठी कोणती क्रियापदे आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वन्यजीवसंरक्षण आणि मासेमारीचे नियमन यांविषयीच्या कायद्यांत तो टाळणे परवडणारे नाही. कारण तेथे क्रियापदाच्या निवडीवरच एखादा मनुष्य अपराधी ठरतो आणि दुसरा सहज मोकळा राहतो. ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, वाशी येथील कोळी आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्ष्यांचे थवे एकाच खाडीवर जगतात. तेथे या भाषिक प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

प्रथम ‘शिकार’ या शब्दाचाच विचार करू जाता असे दिसते की, या क्रियेला मराठीत एकच नाव कधीही नव्हते. ‘मृगया’ हा राजांचा आणि काव्याचा शब्द; त्यातील ‘मृग’ वैदिक भाषेत कोणत्याही रानटी जनावरास लागू होता, तो पुढे हरिणापुरता उरला. ‘पारध’ हा रानात हिंडून पोट भरणाऱ्याचा शब्द. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला, दरबार आणि लष्कर यांच्या मार्गाने रूढ झालेला शब्द. तिन्हींचा वाच्यार्थ जवळजवळ एकच असला तरी सामाजिक मूल्य भिन्न आहे. मृगया करणारा राजा, शिकार करणारा सरदार. पारध करणारा मात्र ‘पारधी’, म्हणजे व्यवसायावरून जातीचे नाव पडलेला मनुष्य. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात फासेपारध्यांच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत कागदोपत्री टिकला. उपजीविकेचा वाचक शब्द आरोपाचा वाचक कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत शोधावे लागणार नाही.

कायद्याच्या इतिहासात ‘शिकार’ या शब्दाने दोन अगदी विरुद्ध अर्थ वाहिले आहेत. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या मूळ रूपात शिकार परवान्याने करता येत असे. विशेष, मोठी आणि लहान अशा शिकारीच्या जनावरांसाठी निरनिराळे परवाने होते, आणि जिवंत प्राणी पकडण्यासाठी आणखी एक. १९९१च्या दुरुस्तीने ही परवानापद्धती संपुष्टात आली आणि काही नेमके अपवाद वगळता अनुसूचींतील प्राण्यांची शिकार पूर्णपणे निषिद्ध झाली. काल जी करमणूक होती ती आज अपराध झाली. शब्द मात्र तोच राहिला. मराठी वाचकाच्या मनात ‘शिकार’ म्हणताच अजूनही बंदूक, मचाण आणि हाका यांचे चित्र उभे राहते. कायद्याची व्याख्या याहून पुष्कळच विस्तृत आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाकून नेणे, आमिष दाखवणे, यांतील कशाचाही प्रयत्न करणे, पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी विसकटणे, हे सारे तीत मोडते.

या विस्ताराचा पहिला ताण मासेमारीवर पडतो. २००१ साली व्हेल शार्क, करवतमासा इत्यादी मत्स्यजातींना अधिनियमाचे संरक्षण मिळाले. सागरी कासवांना ते पूर्वीपासूनच होते. यामुळे मुशी-मोरीच्या कुळातील काही मासे एका पहाटेपासून ‘मासळी’ राहिले नाहीत, ‘वन्यप्राणी’ झाले. संरक्षण आवश्यकच होते, त्याविषयी दुमत नाही. परंतु ‘पकडणे’ हे क्रियापद जाळ्याला लागू करताना जी अडचण उद्भवते, ती शास्त्रीय नसून व्याकरणाची आहे.

कोळ्याच्या बोलीत श्रम सकर्मक आहेत. फल मात्र अकर्मक आहे. तो मासे ‘मारावयास’ जातो, जाळे ‘टाकतो’, डोल ‘लावतो’, पाग ‘फेकतो’. परंतु परतल्यावर मासळी ‘गावली’, ‘लागली’, ‘मिळाली’ असे म्हणतो. ही केवळ बोलण्याची लकब नव्हे. डोल हे प्रवाहात रोवलेल्या आधारांना बांधून ठेवावयाचे जाळे आहे; ओहोटी-भरतीच्या ओढीने जे वाहत येईल ते त्यात शिरते. त्यात बोंबील येतो तसे कासवही येते. ‘कासव जाळ्यात आले’ या वाक्यात कासव हा कर्ता आहे. ‘कासव पकडले’ या वाक्यात कोळी हा कर्ता आहे. कायद्याच्या व्याख्येत जाळ्यात आपोआप अडकण्याचा निराळा उल्लेख नसल्याने पहिल्या वाक्याचा अनुवाद दुसऱ्यात होतो आणि अनुवादाबरोबर दोषही कोळ्याकडे येतो. अशा स्थितीत अडकलेला प्राणी गुपचूप टाकून देणे आणि त्याविषयी न बोलणे, हा शहाणपणा ठरतो. संरक्षणास ज्या माहितीची सर्वांत अधिक गरज आहे, तीच माहिती भीतीमुळे बुडते.

यावर असा आक्षेप संभवतो की, अपघाताचा अपवाद मान्य केल्यास प्रत्येक चोरटा शिकारी ‘जाळ्यात आले’ असेच सांगेल. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शासनानेच अंशतः दिले आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राण्याची सुटका करण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे आणि सुटकेची छायाचित्रे हा तिचा पुरावा मानला जातो. या योजनेचे भाषिक मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘गावणे’ या क्रियापदाला व्यवहारात आज्ञार्थ नाही. ‘मासळी गावू नकोस’ असे कोणी कोणास सांगत नाही. ‘सोडणे’ आणि ‘कापणे’ यांना आज्ञार्थ आहे. योजनेने अडकण्याची शिक्षा करण्याऐवजी सोडण्याचे मोल केले. म्हणजेच जे क्रियापद मनुष्याच्या इच्छेच्या कक्षेत येते त्यावर बोट ठेवले. आज्ञा पाळली जावी असे वाटत असेल, तर ती आज्ञार्थ असलेल्या क्रियापदातच दिली पाहिजे.

हीच कसोटी मासेमारीच्या अन्य नियमांना लावून पाहता येते. १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वये १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना बंदी घालण्याची पद्धत अलीकडच्या वर्षांत रूढ झाली. नौका ‘बाहेर न काढणे’ हे इच्छेच्या अधीन आहे. म्हणून हा नियम समजण्यास सोपा आहे. शिवाय पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून पुन्हा निघण्याची जुनी रीत त्याच्या पाठीशी आहे. दोहोंचा मेळ मात्र पूर्ण नाही. पौर्णिमा २०२० साली ३ ऑगस्टला आली, तर अधिक श्रावणामुळे २०२३ साली ३० ऑगस्टला. या रीतीचे अवास्तव गौरवीकरणही टाळले पाहिजे; तिने माशांच्या विणीइतकेच, किंबहुना अधिक, माणसांचे प्राण राखले. खवळलेल्या समुद्रावर मात करणारे यंत्र आल्यावर केवळ रीत पुरी पडत नाही, कायदा लागतोच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हेतू उत्तम आहे. परंतु मोजपट्टी माशाला लावली जाते ती तो गावल्यानंतर, बहुधा मेल्यानंतर. आकाराचा निर्णय खरा होतो तो जाळ्याच्या ‘आसा’त, म्हणजे विणीच्या छिद्रात. लहान मासा ‘गावू नये’ ही इच्छा आहे. बारीक आसाचे जाळे ‘विणू नये, विकू नये, वापरू नये’ ही आज्ञा आहे. ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर जे निर्बंध आले, ते अशा प्रकारे साधनाला उद्देशून होते. कोळ्याच्या शब्दकोशातला ‘आस’ हा छोटासा शब्द नियमाच्या केंद्रस्थानी आणला, तर आकाराच्या कोष्टकालाही बळ येईल.

आता चित्राची दुसरी बाजू. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. त्याच्या सुमारे १६.९ चौरस किलोमीटरांत कांदळवन आणि लगतचे जलक्षेत्र येते. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. ‘अभयारण्य’ या सुंदर शब्दात ‘अरण्य’ आहे, आणि तिवरांच्या राईमुळे खाडीला तो कसाबसा शोभतो. परंतु भरतीने चिखल झाकला गेला की रोहित पक्षी नेरुळच्या पाणथळींवर विसावतात, आणि तेथे ना अरण्य आहे ना घोषित अभय. २०१७च्या पाणथळविषयक नियमांनी मिठागरे आणि अनेक प्रकारचे मानवनिर्मित जलाशय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

या पाणथळींविषयी कागदपत्रांत आणि वृत्तांतांत जी भाषा आढळते, तिचे व्याकरण जाळ्याच्या व्याकरणाच्या नेमके उलट आहे. तलाव ‘आटला’, प्रवाह ‘बुजला’, भरतीचे पाणी ‘थांबले’, पक्षी ‘कमी झाले’. सारी क्रियापदे अकर्मक. वस्तुतः ‘बुजणे’ला ‘बुजवणे’ आणि ‘थांबणे’ला ‘थांबवणे’ ही प्रयोजक रूपे मराठीत सिद्ध आहेत आणि प्रत्येक प्रयोजक रूप एका कर्त्याची मागणी करते. नैसर्गिक अपघात सर्वत्र नाकारावयाचा नाही. २० मे २०२४ रोजी घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाची धडक बसून ३९ रोहित मृत्युमुखी पडले. तेथे कोणी ‘शिकार’ हा शब्द उच्चारला नाही आणि ते योग्यच झाले. प्रश्न एवढाच की, आकाशातील अपघाताला जे व्याकरण सहज मिळते ते पाण्यातील जाळ्याला का मिळू नये. आणि भराव घालून पाणथळ बुजवली जाते तेव्हा तिला अपघाताचे व्याकरण का मिळावे? जेथे कर्ता नाही तेथे तो लादला जातो आणि जेथे आहे तेथे तो लोप पावतो, हा या विधिभाषेचा मूलभूत दोष होय.

नेरुळचा डी.पी.एस. तलाव म्हणून ओळखला जाणारा जलाशय ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ साली मान्यता दिली. या लांबलचक संज्ञेतील ‘राखीव’ हा शब्द सर्वांत मौलिक आहे. ‘राखणे’ हे शेताच्या राखणीपासून देवाच्या नावाने राखलेल्या राईपर्यंत मराठी माणसाच्या परिचयाचे क्रियापद आहे. ते सकर्मक आहे, त्याला आज्ञार्थ आहे आणि राखणदाराशिवाय ते पुरे होत नाही. म्हणून ‘राखीव’ असे लिहिल्यावर कोणी राखावयाचे, भरतीची वाट कोणी मोकळी ठेवावयाची आणि खाडीत रोज जाणाऱ्या कोळ्याला त्या राखणीत कोणते स्थान, हे त्याच कागदावर कर्त्यासह लिहिले जाणे आवश्यक आहे. तोपर्यंत ‘राखीव’ हे केवळ विशेषण राहील, क्रियापद होणार नाही.