'उष्मादृढ' शब्दात न मावणारे इपॉक्सी

शाळेत आपण प्लास्टिकचे उष्मामृदू आणि उष्मादृढ असे दोन गट शिकवतो. बेकेलाइटपुरती ही वाटणी ठीक आहे. इपॉक्सी रेझीन मात्र दुसऱ्या गटात टाकले, की मुले दोन गोष्टी गृहीत धरतात : ते उष्णतेनेच घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की उष्णतेने त्याला काही होत नाही.

१९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने बाजारात आणलेले अ‍ॅराल्डाइट आज गावोगावी मिळते. त्याच्या एका ट्यूबमध्ये रेझीन असते, दुसरीत हार्डनर. दोन्ही मिसळले की बाहेरून उष्णता न देताही रेणूंचे जाळे विणले जाते; उलट या क्रियेत उष्णता बाहेर पडते. हार्डनर म्हणजे 'वाळवणारे औषध' हा समजही चुकीचा. तो त्या जाळ्याचाच भाग होतो. म्हणून लवकर घट्ट व्हावे या आशेने तो जास्त घातला, तर जोडीदार न मिळालेले रेणू उरतात आणि सांधा कच्चा राहतो.

दुसरे गृहीतक अधिक घातक. जाळे दाट होऊ लागले की रेणूंची हालचाल गोठते, आणि क्रिया अर्ध्यावर अडते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले साधे इपॉक्सी बहुधा ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. ते वितळत नाही, पण भार पेलत नाही. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावी मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते. उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डिसेंबरच्या गारठ्यात जोडलेली टाकी तेव्हा गळू लागली, तर दोष चिकटद्रव्याचाच असेल असे नाही. जोडल्यानंतर सांध्याला काही तास बेताची ऊब मिळाली असती, तर अडलेली क्रिया पुढे सरकली असती. उष्णतेचे खरे काम हे आहे, आणि आपल्या व्याख्येत नेमके तेच नाही.

भर घातलेल्या पदार्थांचेही तसेच. सिलिकाच्या भुकटीने आक्रसणे कमी होते, रबराच्या सूक्ष्म कणांनी ठिसूळपणा. घट्ट वाटले म्हणून थिनर ओतला, तर मऊ पडण्याचे तापमान खाली येते.

वर्गात फरशीच्या तुकड्यावर तीन ठिपके ठेवावेत : एक योग्य प्रमाणाचा, एक दुप्पट हार्डनरचा, एक निम्म्याचा. दोन दिवसांनी सावलीत आणि मग भर उन्हात टाचणीने टोचून पाहावे. मिश्रण शिक्षकांनीच हातमोजे घालून करावे, आणि वाटीभर कधीच करू नये; आत कोंडलेल्या उष्णतेने ते धुमसू लागते.